प्यूरिटन प्रवचनातील सूर

प्यूरिटन या इंग्लंडमधल्या कडव्या प्रॉटेस्टंट पंथीयांच्या उपासनेत मूर्ती, वाद्ये, रंगीत काचा यांना थारा नव्हता. उरला तो शब्द. त्यामुळे माणसांच्या मनाची पकड घेण्याचे सारे काम पाळकाच्या प्रवचनावर येऊन पडले. अमेरिकेतील न्यू इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात लोक रविवारी दोनदा प्रवचन ऐकत. व्यासपीठाजवळ वाळूचे घड्याळ असे. ही प्रवचने म्हणजे नुसता आरडाओरडा, असा समज रूढ आहे आणि तो बराचसा चुकीचा आहे. त्यांचा खरा जोर बोलण्याच्या रोखात होता : वक्ता कोणाविषयी बोलतो, कोणाशी बोलतो आणि हा रोख नेमका केव्हा फिरवतो.

विल्यम पर्किन्स या इंग्लिश प्यूरिटन धर्मपंडिताने १५९२ मध्ये प्रवचनकलेवर लॅटिनमध्ये एक पुस्तक लिहिले. विद्वत्ता झाकून ठेवावी, ग्रीक-लॅटिन अवतरणे व्यासपीठावर मिरवू नयेत, असा त्याचा आग्रह. या साध्या शैलीत पुढे प्रवचनाचा साचा ठरून गेला : आधी शास्त्रवचन, मग त्यातून निघणारा सिद्धांत, त्याची कारणे आणि शेवटी ‘उपयोग’, म्हणजे तो सिद्धांत श्रोत्यांच्या जगण्याला लावून दाखवणे. सिद्धांताच्या भागात पाळक वकिलासारखा बोले, थंडपणे, मुद्द्यावर मुद्दा रचत. ‘उपयोग’ सुरू झाला की तोच माणूस वैद्य होई आणि दुखते कुठे ते दाबून पाही.

सूर एकच नव्हता. मॅसॅच्युसेट्स वसाहतीचा गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप पाळक नव्हता, पण १६३० च्या त्याच्या प्रसिद्ध भाषणात सगळा भर ‘आपण’वर आहे : आपण डोंगरावरच्या नगरासारखे असू, सर्वांचे डोळे आपल्यावर असतील. पुढच्या पिढीत हा ‘आपण’ कुरकुरू लागला. सॅम्युएल डॅनफोर्थ या पाळकाने १६७० मध्ये लोकांना विचारले, की तुम्ही या रानात आलात ते कशासाठी? बायबलमधील यिर्मया संदेष्ट्याच्या विलापावरून ‘जेरेमायड’ असे नाव पडलेला हा प्रवचनप्रकार वरवर फटकारणारा आहे. पण देव रागावतो तो आपल्या माणसांवर, असा दिलासाही त्याच फटकाऱ्यात दडलेला असतो.

या कलेचा सर्वांत गाजलेला नमुना काटेकोर अर्थाने प्यूरिटन काळ सरल्यानंतरचा आहे. ८ जुलै १७४१ रोजी न्यू इंग्लंडमधल्या एनफील्ड येथे जोनाथन एडवर्ड्स (१७०३–१७५८) या पाळकाने संतप्त देवाच्या हाती सापडलेल्या पाप्यांविषयी प्रवचन केले. वचन होते बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकातले (३२:३५), पाय घसरण्याविषयीचे. एडवर्ड्सचा आवाज मोठा नव्हता आणि हातवारेही तो फारसे करीत नसे. पूर्वार्धात दहा मुद्दे येतात, आणि त्यांत बोलणे चालते ते ‘दुष्टां’विषयी, म्हणजे दुसऱ्या कुणाविषयी. श्रोता निवांत. मग रोख फिरतो आणि ‘तुम्ही’ सुरू होते : विस्तवावर कोळी धरावा तसे देवाने तुम्हाला धरले आहे, तुम्ही एका बारीक धाग्याला लोंबकळत आहात. कोळ्याचा धागा एडवर्ड्सच्या चांगल्या परिचयाचा होता. कोळी हवेत तरंगतात कसे, यावर त्याने विशीतच, १७२३ मध्ये, निरीक्षणांचे पत्र लिहिले होते. त्याच प्रवचनात तो म्हणतो, की कोसळता खडक कोळ्याचे जाळे जेवढे अडवील, तेवढाच तुमचा पुण्याचा आधार.

मला त्यातली सर्वांत भीषण जागा ही वाटत नाही. ती पुढे, जवळजवळ हिशेबी सुरात येते : आत्ता या सभागृहात धडधाकट, निश्चिंत बसलेल्यांपैकी काही जण उद्या सकाळच्या आत नरकात असले, तर त्यात नवल नाही. नाव कुणाचेच नाही, त्यामुळे सुटकाही कुणाची नाही. मराठीत आणताना इथे पंचाईत होते. इंग्रजीतला ‘यू’ (you) हा एकच शब्द साऱ्या सभेलाही लागू पडतो आणि एकेकट्यालाही. आपल्याला ‘तू’ की ‘तुम्ही’ ते ठरवावे लागते, आणि काहीही निवडले तरी अर्धी धार जाते.

त्या दिवशी हजर असलेल्या स्टीफन विल्यम्स या पाळकाने रोजनिशीत लिहून ठेवले आहे, की प्रवचन संपण्याआधीच सभागृहभर कण्हणे-रडणे सुरू झाले, ‘तारणासाठी मी काय करू?’ असा आक्रोश उठला आणि वक्त्याला थांबावे लागले. मग पाळक व्यासपीठावरून उतरून लोकांत मिसळले. छापील प्रवचनाचा शेवट मात्र आशेकडे वळतो : ख्रिस्ताने दयेचे दार सताड उघडले आहे, आत्ताच या. भीती हवी होती ती या ‘आत्ताच’साठी.

बॉस्टनचा पाळक चार्ल्स चॉन्सी याला हा सारा प्रकार पसंत नव्हता. भावनांचा पूर म्हणजे धर्म नव्हे, विवेक आधी हवा, असे त्याने १७४३ मध्ये सविस्तर मांडले. त्याच्या टीकेच्या रोखावर एडवर्ड्सपेक्षा जॉर्ज व्हाइटफील्ड या इंग्लिश धर्मोपदेशकासारखे फिरते, नाट्यमय वक्ते अधिक नेमके बसतात.

१७५० मध्ये एडवर्ड्सच्याच नॉर्थॅम्प्टनच्या चर्चमंडळीने त्याला पदावरून दूर केले. सभासदत्वाच्या कडक अटींवरून वाद पेटला होता. निरोपाच्या प्रवचनात त्याने आदळआपट केली नाही. देवाच्या न्यायासनापुढे पाळक आणि त्याची माणसे पुन्हा समोरासमोर येतील, एवढेच तो शांतपणे, पुन्हा पुन्हा सांगत राहिला.