बँकेविना संसार चालायचा तो कशाच्या जोरावर?

बँक, कार्ड, वीज, मोबाइल या सगळ्यांना रामराम ठोकून साध्या माणसाला जगता येईल का, हा प्रश्न हल्ली पुन्हा पुन्हा विचारला जातो. पूर्वी लोक जगतच होते की, हे उत्तर खरं आहे, पण अर्धंच. ते ज्या जोरावर जगत होते, तो त्यांच्याकडून कसा गेला हेही पाहायला हवं.

उधारी बँकेपेक्षा कितीतरी जुनी आहे. मेसोपोटेमियातल्या मातीच्या पाट्यांवर धान्याच्या आणि चांदीच्या कर्जांच्या नोंदी सापडतात. इंग्लंडच्या सरकारी खजिन्यात तर १८२६ पर्यंत लाकडी काठ्यांवर हिशेब चालत असे. रकमेनुसार काठीवर खाचा पाडायच्या, मग ती उभी चिरायची. एक तुकडा धनकोकडे, दुसरा ऋणकोकडे. हिशेबाच्या दिवशी दोन्ही तुकडे एकमेकांना लावले की खाचा आणि लाकडाच्या रेषा जुळल्या पाहिजेत. एकट्याने खाच वाढवली तर चोरी लगेच उघडी पडायची. त्यासाठी अक्षरओळख लागत नव्हती.

बँका होत्या, पण त्या राजांच्या आणि बड्या व्यापाऱ्यांच्या उपयोगाच्या. मेदिची घराण्याची बँक फ्लॉरेन्समध्ये १३९७ साली सुरू झाली. गरिबांची बचत ठेवणारी बँक मात्र हेन्री डंकन या धर्मगुरूने स्कॉटलंडमधल्या रथवेल गावात काढली ती १८१० मध्ये. मधली चारशे वर्षं बहुतेक कुटुंबांनी बँकेची पायरी न चढता काढली. सरपण गावच्या रानातलं, गुरं गायरानात, नड भागवायला शेजारी. संसार चालायचा तो या सामाईक गोष्टींवर, आणि त्याच आधी गेल्या. १६०४ ते १९१४ या काळात इंग्लंडमध्ये पाच हजारांहून जास्त कायदे करून सुमारे ६८ लाख एकर जमिनीला कुंपण पडलं. कापणीनंतर शेतात सांडलेली कणसं वेचायला गरीब बायका-पोरं जात. तसा कुणाचाही हक्क नाही, असा निकाल तिथल्या न्यायालयाने १७८८ मध्ये दिला. ज्यांचं पोट त्या कणसांवर भरायचं, त्यांच्यापुढे मजुरीखेरीज वाट उरली नाही.

वसाहतींमध्ये हेच काम करांनी केलं. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळमध्ये १८४९ मध्ये दर झोपडीमागे सात शिलिंग कर बसला. घरात धान्य आणि दावणीला गुरं असली तरी कर भरायला नाणी हवीत, आणि नाणी मळ्यांवर किंवा खाणीत राबूनच मिळणार. लोक सोयींना भुलून पैशाच्या मागे लागले, असं सांगितलं जातं. मला ते अन्यायाचं वाटतं. त्यांना तिकडे ढकललं गेलं.

ब्रिटनमध्ये मालक मजुरी म्हणून माल किंवा स्वतःच्याच दुकानात चालणारी टोकनं देत. ती प्रथा मोडण्यासाठी १८३१ मध्ये कायदा झाला आणि अनेक धंद्यांत मजुरी चलनी नाण्यांत देणं बंधनकारक ठरलं. रोख मजुरीचा हा हक्क १९८६ च्या कायद्याने काढून घेतला. त्यानंतर खातं नसलेला कामगारच अडचणीचा ठरू लागला.

बँका अचानक बंद पडल्या तर काय होतं, हे आयर्लंडने अनुभवलं आहे. १ मे १९७० रोजी तिथल्या प्रमुख बँका कर्मचाऱ्यांशी झालेल्या वादातून बंद झाल्या, त्या १७ नोव्हेंबरलाच उघडल्या. साडेसहा महिने लोकांनी एकमेकांना चेक दिले. घेणारा मागे सही करून तोच चेक पुढच्याला द्यायचा. कुणाचा चेक घ्यायचा आणि कुणाचा नाही, हे दुकानदार आणि पबमालक ठरवत. गिऱ्हाईक किती कमावतं आणि शब्दाला जागतं का, हे त्यांना ठाऊक असे. बाजार थांबला नाही. तरीही या दाखल्याला स्वावलंबनाचा पुरावा मानताना सावध राहायला हवं. चेक बँकेचेच होते, आणि बँका कधीतरी उघडतील हे सगळे गृहीत धरून होते.

अर्जेंटिनात तोही भरवसा उरला नाही. डिसेंबर २००१ मध्ये खात्यातून आठवड्याला फक्त २५० पेसो रोख काढता येतील असा हुकूम निघाला. पैशाऐवजी कुपनांवर वस्तूंची देवघेव करणारे वस्तुविनिमय क्लब तिथे आधीपासून चालू होते, त्यांत लोकांची रीघ लागली. पण अनोळखी माणसं झपाट्याने वाढली, नकली कुपनं शिरली आणि वर्षभरात बहुतेक क्लब कोसळले. ओळखीचा धागा तुटला की अशी व्यवस्था टिकत नाही.

अमेरिकेतल्या, जुन्या साध्या पद्धतीने राहणाऱ्या अमिश या ख्रिस्ती समाजाचं उदाहरण नेहमी दिलं जातं. घरात वीजवाहिनी नाही, दाराशी घोडागाडी, आणि एकमेकांना धरून राहणं पक्कं. पण जमिनी महागल्या, त्या घ्यायला कर्ज लागतं, म्हणून तेही बँकेत जातात. पेन्सिल्व्हेनियातल्या बर्ड-इन-हँड गावात २०१३ मध्ये उघडलेल्या बँकेच्या बाहेरच्या खिडकीशी घोडागाडी उभी करता येते.

जागतिक बँकेच्या २०२१ च्या पाहणीनुसार जगातल्या सुमारे १४० कोटी प्रौढांचं तेव्हा कुठेच खातं नव्हतं. त्यांपैकी बहुतेकांनी ही वाट स्वखुशीने धरलेली नव्हती. पुरेसा पैसाच नाही, हे कारण सर्वाधिक जणांनी सांगितलं. युरोपीय संघाने २०१४ मध्ये कायमचा पत्ता नसलेल्यांनाही साधं खातं मिळण्याचा हक्क दिला. आणि रोखीचा वापर अगदी कमी झालेल्या स्वीडनने १ जानेवारी २०२१ पासून मोठ्या बँकांवर रोकड काढण्याची सोय राखण्याचं बंधन घातलं.