जुन्या गाडीची पुढची काच आणि डॅशबोर्ड: काम द्यायच्या आधी एवढं वाचा

फियाट असू दे, पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर नाहीतर 80 च्या दशकातली मारुती 800, जुनी गाडी आमच्या गॅरेजमध्ये घेऊन येणारे बरेच जण पहिलं वाक्य हेच म्हणतात की डॅशबोर्ड तेवढा मस्त करून द्या, काचेचं नंतर बघू. आम्ही असं काम घेत नाही. का घेत नाही ते प्रत्येकाला नीट कळावं म्हणून हे पत्रक काढलंय.

डॅशबोर्ड खराब होतो तो वरून. काचेचं रबर कडक झालं की पावसाचं पाणी खालच्या दोन कोपऱ्यांतून आत शिरतं, डॅशबोर्डच्या मागून उतरतं, वायरिंगवर, फ्यूजवर पडतं आणि शेवटी पायाखालच्या मॅटखाली साचतं, आणि मालकाला कळतं तेव्हा फ्लोअरचा पत्रा गेलेला असतो. म्हणजे गळती तशीच ठेवून डॅशबोर्ड रंगवला तर दोन पावसाळ्यांत परत तेच. आणि दुसरं म्हणजे काच काढलेली असते तेव्हाच डॅशबोर्डच्या वरच्या कडेपर्यंत हात नीट पोचतो. म्हणून आमच्याकडे क्रम ठरलेला आहे, आधी काच काढायची, मग काचेभोवतीच्या पत्र्याच्या फ्रेमचा गंज, मग डॅशबोर्ड आणि वायरिंग, आणि काच सगळ्यात शेवटी.

काच कुठली आहे ते आधी बघा

काचेच्या कोपऱ्यात बारीक शिक्का असतो, त्यावर टफन्ड की लॅमिनेटेड ते बहुतेक वेळा लिहिलेलं सापडतं. टफन्ड काच फुटली की एका क्षणात पूर्ण काचेचे बारीक खडे होतात, चालत्या गाडीत समोरचं काही दिसत नाही. लॅमिनेटेडमध्ये दोन काचांच्या मधे प्लास्टिकचा पातळ थर असतो, तडा गेला तरी काच जागेवर राहते. जुन्या गाड्यांना टफन्ड काच बऱ्याचदा सापडते आणि ओरिजिनल म्हणून ती ठेवायचा मोह होतो, तो आम्हाला पण समजतो, पण गाडी रस्त्यावर चालवणार असाल तर आमचा आग्रह लॅमिनेटेडचाच. इतर सगळ्या बाबतीत आम्ही ओरिजिनलच्या बाजूचे आहोत, इथे नाही.

लॅमिनेटेड काचेच्या कडा दुधाळ झाल्या असतील किंवा आत बुडबुडे दिसत असतील तर मधला थर सुटलाय, ते कुठल्याही पॉलिशनं जात नाही, काच बदलावीच लागते. जीपसारख्या सपाट काचा शीटमधून कापून मिळतात. फियाटसारखी वळणाची काच तयारच शोधावी लागते आणि त्याला वेळ लागतो, कुर्ला, ऑपेरा हाऊस, पुण्यात नाना पेठ असं फिरावं लागतं, त्यामुळे लगेच तारीख द्या असं कृपया म्हणू नका. टफन्ड काच तर कापताच येत नाही, साइजला करून देतो असं कुणी म्हणालं तर तिथून निघा.

वायपरच्या रेघा हा नेहमीचा प्रश्न. नख फिरवून बघा, नख अडकत नसेल तर सेरियम ऑक्साइडच्या पॉलिशनं बऱ्यापैकी निघतात. नख अडकलं तर घासू नका आणि आमच्याकडूनही घासून घेऊ नका, कारण तेवढी खोल रेघ काढायची म्हणजे आजूबाजूची काच झिजवायची, मग तिथे लाट येते आणि रात्री समोरच्या गाडीचा लाइट त्या लाटेवर पसरतो.

काळी फिल्म लावून देत नाही. पुढच्या काचेतून किमान 70 टक्के प्रकाश आत यायला हवा असा मोटार वाहन नियम आहे, आणि काचांवर फिल्म लावायला सुप्रीम कोर्टानं 2012 मध्येच मनाई केलीय.

रबर आणि फ्रेम

रबर काढलं की खरी गाडी दिसते. वरून रंग छान असतो आणि रबराखाली पत्रा हातात येतो. असा पत्रा कापून नवीन जोडावा लागतो, नुसती पुट्टी भरून वर रंग मारला की पुट्टी पाणी धरते आणि आतून गंज चालूच राहतो. वेल्डिंग झाल्यावर इपॉक्सी प्रायमर, मग रंग, आणि रंग पूर्ण वाळल्याशिवाय काच नाही.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायचीय, गळती दिसली की घरी सिलिकॉनची ट्यूब आणून भरू नका. हार्डवेअरच्या दुकानातल्या पुष्कळशा सिलिकॉनला आंबट, व्हिनेगरसारखा वास येतो, ते वाळताना अ‍ॅसिड सोडतं आणि पत्र्याला गंज चढवतं. शिवाय सिलिकॉनचा अंश राहिला की त्यावर रंग धरत नाही, डोळ्यांसारखे छोटे छोटे खड्डे पडतात. ते खरवडून काढण्यातच आमचे तासन्‌तास जातात आणि त्याचे पैसे तुमच्या बिलात येतात.

नवीन रबर आधी थोडा वेळ उन्हात ठेवतो म्हणजे मऊ पडतं. ते काचेला चढवताना ओढायचं नाही, ओढून बसवलेलं रबर नंतर आक्रसतं आणि जोडापाशी फट पडते. मग रबराच्या बाहेरच्या खाचेत सगळीकडून नायलॉनची दोरी फिरवतो, दोन्ही टोकं गाडीच्या आत, रबराला शॅम्पूचं पाणी, एक जण बाहेरून हाताच्या तळव्यानं काच दाबतो आणि दुसरा आतून दोरी हळूहळू ओढत जातो, तशी रबराची कड पत्र्यावर एकेक इंच पलटत बसते. घाई केली की कोपऱ्यात काच तडकते. तुम्हाला बघायचं असेल तर त्या वेळी जरूर या, फक्त बोलत ठेवू नका.

डॅशबोर्ड

बॅटरी काढल्याशिवाय डॅशबोर्डला हात लावत नाही. प्रत्येक वायरला चिठ्ठी, प्रत्येक बाजूचा फोटो. जुन्या वायरचं आवरण वाकवल्यावर तडकत असेल तर ती वायर बदलायची, टेप गुंडाळून चालवायची नाही, कारण गाड्यांना आगी लागतात त्या अशाच ठिकाणी.

पत्र्याच्या डॅशबोर्डचा खरा रंग शोधायचा तर मीटरच्या खाली किंवा ग्लोव्ह बॉक्सच्या आत बघतो, तिथे ऊन लागलेलं नसतं. टेप, पंखा, स्पीकर यासाठी आधीच्या मालकांनी पाडलेली भोकं वेल्ड करून बुजवतो. सनमायका किंवा रेक्झिन चिकटवलेलं असेल तर खाली काय निघेल ते काढल्यावरच कळतं, म्हणून त्याआधी पक्का आकडा सांगत नाही.

डॅशबोर्डचा वरचा भाग मात्र चकचकीत मागू नका. चकचकीत वरचा भाग दुपारी काचेत उलटा दिसतो आणि ड्रायव्हरला रस्त्यावर डॅशबोर्डच दिसत राहतो. तिथे मॅटच हवं. तेलकट चमक देणारे स्प्रे पण त्याच कारणानं नकोत, शिवाय त्यांचा थर उडून काचेला आतून धूसर करतो. प्लास्टिक किंवा व्हिनाइलचा पॅड तडकला असेल तर फट भरून रंगवता येतं पण ते कायमचं नाही, उन्हात उभ्या गाडीत ती रेघ परत उघडते, नव्यानं मढवणं महाग पडतं पण टिकतं.

मीटरच्या आकड्यांना स्पिरिट, थिनर काही लावू नका, छपाई पुसून जाते आणि परत तशी होत नाही. काही जुन्या गाड्यांत टेम्परेचरच्या काट्यापासून इंजिनपर्यंत बारीक तांब्याची नळी जाते, ती वायर समजून कापली की मीटर संपला. किलोमीटरचे आकडे आम्ही मागे फिरवत नाही, काम सुरू करताना आणि संपताना वाचन तुमच्यासमोर लिहून घेतो.

डॅशबोर्डवर गणपती, साईबाबा, स्वामी समर्थ चिकटवलेले असतात. शक्यतो तुम्हीच आधी काढून घरी न्या. निघत नसेल तर सांगा, हलकी ऊब देऊन आणि खालून बारीक दोरा फिरवून मूर्ती अख्खी निघते, आणि ती तुमच्या हातात दिल्यावरच पुढचं काम.

थोडं पद्मिनीबद्दल

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात 1964 पासून डिलाइट नावाची फियाट बनली, पुढे तीच प्रेसिडेंट झाली, मग पद्मिनी. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी बंद झाल्यापासून या गाडीची चौकशी खूप वाढलीय. जुनी टॅक्सी विकत घेत असाल तर पुढच्या काचेचे खालचे कोपरे आणि मॅटखालचा पत्रा बघूनच भाव करा. गाडी 50 वर्षांची झाली असेल तर 2021 च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते, त्यासाठी चासी, बॉडी आणि इंजिन मूळ स्वरूपात असावं लागतं, म्हणून फ्रेमचा पत्रा बदलताना आम्ही मूळ आकार अजिबात बदलत नाही.

गाडी नेल्यावर

पहिले दोन-तीन दिवस सगळ्या काचा बंद करून दार जोरात आपटू नका, आतल्या हवेचा दाब नव्या रबरावर येतो. कोरड्या काचेवर वायपर चालवू नका, ब्लेड दर पावसाळ्याआधी बदला. कव्हर कापडी घ्या, प्लास्टिकच्या कव्हरखाली ओल कोंडते. पहिल्या मोठ्या पावसानंतर मॅट उचलून हात लावून बघा, ओलं लागलं तर लगेच गाडी घेऊन या, त्याचे पैसे घेत नाही.

काढलेला प्रत्येक जुना भाग, काच सोडून, पिशवीत भरून परत देतो, नॉब, स्क्रू, चकाकी पट्टी सगळं. टाकू नका, दुसऱ्या कुणाला तेच हवं असतं. मे महिन्यात सगळेच येतात, दिवाळीनंतर आलात तर रंग वाळायला हवाही चांगली असते आणि आम्हालाही निवांत वेळ देता येतो.