कोंबडीच्या काडीशेजारी वाईन कशी आली

टोकियोत याकितोरीचं नावाजलेलं दुकान म्हणजे आज काउंटरभोवतीच्या मोजक्या खुर्च्या. काय खायचं ते आचारी ठरवतो आणि बांबूच्या काडीवर भाजलेली कोंबडी एकेक करून पुढ्यात येते. सोबत फ्रान्सच्या बर्गंडी प्रांताची वाईन असली तर कुणाला नवल वाटत नाही. हा थाट मात्र अलीकडचा.

जपानात मांसाहाराला फार जुनी आडकाठी होती. सम्राट तेम्मूने ६७५ साली वर्षातले काही महिने गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खायला बंदी घातली. रानपक्षी त्यात नव्हते. क्योटोच्या फुशिमी इनारी देवळाबाहेर भाजलेल्या चिमण्या विकायची रीत त्यातलीच. इनारी भाताची देवता आणि चिमण्या भाताच्या वैरी!

मेइजी काळात (१८६८–१९१२) कोंबडी उघडपणे खाल्ली जाऊ लागली, पण ती महाग. खानावळींतून उरलेली आतडी, कूर्चा, कातडी हातगाडीवाले उचलत, काडीला टोचून भाजत आणि सोया सॉस, मिरिन (तांदळाची गोड दारू) आणि साखरेच्या 'तारे' नावाच्या दाट सॉसमध्ये बुडवत. वास झाकायला ते लागायचंच. दुसऱ्या महायुद्धानंतर काळ्या बाजारातल्या टपऱ्यांवर कोंबडीऐवजी बऱ्याचदा डुकराची आतडी असत. होक्काइदोतल्या मुरोरानला तर आजही याकितोरी मागितली की डुकराचं मांस, कांदा आणि वर मोहरीची चटणी मिळते.

खरी उलथापालथ ब्रॉयलरने केली. १९६०च्या दशकात कोंबडी स्वस्त झाली, याकितोरी गल्लोगल्ली पोचली आणि चव पातळ झाली. त्यावरचा उतारा म्हणून काही आचारी देशी वाणांकडे, 'जिदोरी'कडे वळले: अकिताची हिनाई, नागोयाची कोचिन. कोळसाही बदलला. उबामे ओकचा बिंचोतान कडक आच देतो, धूर जवळपास नाही. इतकं चांगलं मांस तारेत कशाला बुडवायचं? नुसतं मीठ पुरे.

माझ्या मते वाईनला वाट करून दिली ती या मिठाने. जपानी वाईन काही नवी नव्हती. यामानाशीतल्या कात्सुनुमात १८७७ सालीच कंपनी निघाली होती. पण लोकांना आवडायची ती गोड, १९०७च्या 'अकादामा'सारखी. कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली वाईन जेवणात आली ती १९७०च्या दशकात. १९९५ साली शिन्या तासाकी जगातला सर्वोत्तम सोमेलिए, म्हणजे वाईनचा जाणकार वाढपी, ठरला, पाठोपाठ लाल वाईनची लाटच आली. त्याआधीच, १९८७ साली, तोशिहिरो वादाने टोकियोतल्या आसागायात 'बर्ड लँड' हे याकितोरीचं दुकान उघडलं होतं. इबाराकीची ओकुकुजी शामो कोंबडी आणि वाईन ही त्याची ओळख. २००१ मध्ये दुकान टोकियोच्याच उंची गिन्झा भागात गेलं, पुढे उपाहारगृहांना मानांकन देणाऱ्या मिशेलिन गाइडचा तारा मिळाला.

मीठ लावलेल्या छातीच्या मांसाला यामानाशीचीच हलकी कोशू द्राक्षाची पांढरी वाईन शोभते. 'तारे' सॉस लावलेल्या काळजाला पिनो न्वार द्राक्षाची लाल वाईन. तिच्यातला आंबटपणा साखरेला आवरतो. रेल्वेपुलाखालच्या धुरकट टपरीत मात्र अजूनही बिअरच मागवावी.