फोलपटांनी फोडलं बिंग

"एसजीपीटी नॉर्मल आलंय, म्हणजे लिव्हर ठणठणीत." यकृताच्या या रक्तचाचणीबद्दलचं हे वाक्य ऐकलं की मला अमेरिकेतले व्हिएतनामी लोक आठवतात.

१९७५ साली दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगावचा पाडाव झाला आणि लाखो व्हिएतनामी निर्वासित अमेरिकेची वाट धरू लागले. पुढे वेस्टमिन्स्टर, सॅन होजे, ह्यूस्टन इथे त्यांच्या मोठ्या वस्त्या झाल्या. १९९० च्या सुमारास कर्करोगाच्या नोंदी पाहिल्या, तर व्हिएतनामी पुरुषांमध्ये यकृताच्या कर्करोगाचं प्रमाण गोऱ्या पुरुषांच्या दहापटींहून जास्त निघालं. यामागचं मोठं कारण हिपॅटायटिस बी, म्हणजे यकृताला होणारा एक विषाणूसंसर्ग. बहुतेकांना तो जन्मतः आईकडून किंवा अगदी लहानपणी झालेला. मोठेपणी लागण झाली तर शंभरातल्या पंचाण्णव जणांचं शरीर विषाणूला हुसकावून लावतं. जन्मावेळी झाली तर सुमारे नव्वद बाळांमध्ये तो कायमचा ठाण मांडतो.

मग विषाणू अंगात असूनही एसजीपीटी नॉर्मल कसं येऊ शकतं? हे एन्झाइम यकृताच्या पेशीत असतं आणि पेशी फुटली की रक्तात सांडतं. पण हा विषाणू स्वतः पेशी फोडत नाही. विषाणू बसलेल्या पेशींवर आपलीच प्रतिकारशक्ती तुटून पडते, तेव्हा त्या फुटतात. बाळाची प्रतिकारशक्ती त्याला घरचाच समजते. लढाई नाही, म्हणून पडझड नाही. असं वीस-तीस वर्षं चालू शकतं. तेवढ्या काळात विषाणूचा डीएनए पेशीकेंद्रात बंद कड्यासारखा पडून राहतो आणि त्याचे तुकडे आपल्या गुणसूत्रांत घुसतात. म्हणूनच सिरॉसिस, म्हणजे यकृतावर व्रण पडून ते कडक होणं, न होताही थेट कर्करोग होऊ शकतो.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. अख्खा विषाणू ४२ नॅनोमीटरचा. पण तो ज्या पेशीत शिरतो ती पेशी त्याच्या बाहेरच्या कवचाचं प्रथिन बेसुमार बनवते आणि त्याचे २२ नॅनोमीटरचे रिकामे गोळे रक्तात सोडत राहते. आत डीएनए नाही, काही नाही, नुसती फोलपटं. खऱ्या विषाणूच्या हजारपट, कधी लाखपटही. आपल्या अँटिबॉडी या फोलपटांना चिकटून खर्ची पडतात आणि भरलेला दाणा निसटतो. पण याच उधळपट्टीमुळे विषाणू सापडतो! १९६० च्या दशकात अमेरिकन शास्त्रज्ञ बारूक ब्लुमबर्ग यांना एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात अनोळखी प्रथिन दिसलं. ते हेच फोलपट होतं, याचं कोडं सुटायला काही वर्षं लागली. १९७६ साली त्यांना नोबेल मिळालं. आजची लससुद्धा हेच कवच, फक्त यीस्टमध्ये तयार केलेलं.

म्हणून तपासणी तीन गोष्टींची. कवचाचं प्रथिन, म्हणजे सरफेस अँटिजेन, सापडलं तर विषाणू आज अंगात आहे. फक्त कवचाविरुद्धची अँटिबॉडी असेल तर लस लागू पडली आहे. आणि विषाणूच्या गाभ्याविरुद्धची, म्हणजे कोअर अँटिबॉडी? लसीत गाभा नसतोच, त्यामुळे ती सापडली तर खरा विषाणू कधीतरी येऊन गेला, किंवा अजून आहे.

व्हिएतनामी घरांत अंगावर पुरळ उठलं की 'यकृत गरम झालं' म्हणतात आणि थंड पाल्याचे काढे देतात. आपल्याकडे काविळीची माळ घालतात. काड्या सुकून आक्रसतात, दोरा सैल पडतो, माळ लांबते, आणि लोक म्हणतात कावीळ उतरली. विषाणू जागचा हलत नाही. दुसरा गैरसमज याहून क्रूर: रुग्णाचं ताट-वाटी वेगळं ठेवणं. हिपॅटायटिस बी एकत्र जेवल्याने पसरत नाही. तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि प्रसूतीवेळी आईकडून बाळाला जातो. या वाळीत टाकण्याच्या धाकानेच माणसं तपासणी टाळतात.

अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २००८ साली सांगितलं की ज्या देशांत या विषाणूचं प्रमाण २ टक्के किंवा जास्त आहे, तिथे जन्मलेल्या सगळ्यांची तपासणी व्हावी. व्हिएतनाम त्यात आहे, तसा भारतही. म्हणजे न्यू जर्सीतले कुलकर्णी आणि सॅन होजेतले न्यूएन यांना तोच नियम लागू. २०२३ पासून तर अमेरिकेतल्या प्रत्येक प्रौढाने आयुष्यात एकदा तरी ही तिहेरी चाचणी करावी असा सल्ला आहे. नेहमीच्या रक्ततपासणीत ती नसते, नाव घेऊन मागावी लागते. तिन्ही निगेटिव्ह आल्या तर लस घ्यायची. सरफेस अँटिजेन पॉझिटिव्ह आलं तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली राहायचं, ते सांगतील त्याप्रमाणे सोनोग्राफी करायची, गरज पडल्यास विषाणूला आवर घालणारी टेनोफोव्हिरसारखी गोळी घ्यायची, आणि त्याच आठवड्यात नवरा किंवा बायको, भावंडं, मुलं यांची तपासणी करून घ्यायची.