पापणीतलं गोठलेलं खोबरेल

डिसेंबरात नाशिकला थंडी पडली की आमच्या बाथरूममधली खोबरेल तेलाची बाटली पांढरीफटक होते. मग जो आधी उठतो तो ती गरम पाण्याच्या तांब्यात उभी करून ठेवतो आणि दहा मिनिटांनी तेल पुन्हा वाहायला लागतं. खोबरेल साधारण २४ अंशांना वितळतं, त्यापुढे यात काही गूढ नाही. मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते आणि गेली अकरा वर्षं पापण्यांच्या जुनाट दाहाने बेजार आहे. त्या बाटलीचा आणि माझ्या पापण्यांचा संबंध आहे हे लक्षात यायला यातली सात वर्षं गेली.

आत्ता लिहायचं निमित्त मात्र वेगळंच. गेल्या महिन्यात आत्याबाईंनी घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला: ‘तुमच्या पापण्यांत किडे आहेत! डॉक्टर हे सांगणार नाहीत!’ सूक्ष्मदर्शकाखाली वळवळणारा आठ पायांचा प्राणी आणि शेवटी कुठल्याशा तेलाची जाहिरात. त्याच संध्याकाळी घरातल्या दोघींनी कडुनिंबाचा पाला उकळून डोळे धुतले. एकीचे डोळे दोन दिवस लाल होते.

किड्यांकडे येतेच. आधी आजार.

सकाळी उठल्यावर डोळे चिकटलेले, पापण्यांच्या केसांत कोंड्यासारखी खपली, कडा लालसर आणि जाडसर, दिवसभर डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपणं, आणि वर्षातून दोन-तीनदा रांजणवाडी. डॉक्टर याला ब्लेफरायटिस म्हणतात. त्याचे ढोबळमानाने दोन प्रकार. एक पुढचा, म्हणजे केसांच्या मुळाशी. तिथे जिवाणू, डोक्यातल्या कोंड्याचाच भाऊबंद असलेला तेलकट कोंडा आणि ते ‘किडे’ यांचा कारभार असतो. दुसरा मागचा, पापणीतल्या तेलाच्या ग्रंथींचा. बहुतेकांना थोडं हे आणि थोडं ते असतं. मला मुख्यतः दुसरा आहे, आणि खरं सांगायचं तर रसायनशास्त्राच्या दृष्टीने तोच मजेचा.

खालची पापणी बोटाने जरा खाली ओढून आरशात बघा. केसांच्या रांगेच्या मागे, डोळ्याच्या बाजूला, टाचणीच्या टोकाएवढ्या ठिपक्यांची एक ओळ दिसते. ही मायबोमियन ग्रंथींची तोंडं. वरच्या पापणीत अशा तीसेक ग्रंथी, खालच्या पापणीत थोड्या कमी. हाइनरिख माइबोम या जर्मन वैद्याने त्यांचं सविस्तर वर्णन छापलं ते १६६६ साली, म्हणजे महाराज आग्र्याहून निसटले त्याच वर्षी. (काजळ भरतो ती पट्टी म्हणजे नेमकी ही ओळ. मी काजळ सोडलं ते कुठल्या तत्त्वासाठी नाही, त्या तोंडांवर डांबर ओतल्यासारखं होतं म्हणून.)

आपण पापणी मिटतो तेव्हा या ग्रंथी दाबल्या जाऊन तेलाचा सूक्ष्म अंश बाहेर येतो आणि अश्रूंच्या थरावर पसरतो. अश्रूंचा थर जेमतेम तीन मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा हिस्सा) जाडीचा, आणि त्यावरचा तेलाचा पापुद्रा तर केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाइतका. एवढ्याशा पापुद्र्यामुळे अश्रू लगेच उडून जात नाहीत आणि त्यांचा थर फाटत नाही. तेल आटलं की डोळा कोरडा पडतो, मग चुरचुरतो, आणि चुरचुरला की भसाभसा पाणी येतं. डोळ्यांतून सतत पाणी येणाऱ्या माणसाला ‘तुमचे डोळे कोरडे आहेत’ असं डॉक्टर सांगतात, तेव्हा ते थट्टा करत नसतात.

आमच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा नीट तपासलं तो प्रसंग आठवतो. स्लिट लॅम्पला, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाला, हनुवटी टेकवलेली, त्यांनी ओल्या इअरबडने माझ्या खालच्या पापणीची कड हलकेच दाबली आणि समोरच्या स्क्रीनवर मला दाखवलं. निरोगी पापणीतून थेंब येतो, स्वच्छ गोडेतेलासारखा. माझ्या पापणीतून सोऱ्यातून शेव पडावी तसे पिवळट पांढरे धागे बाहेर येत होते. “हे तुमचं तेल,” त्या म्हणाल्या, “गोठलंय.”

हा शब्द माझ्या डोक्यातून गेला नाही. शरीराचं तापमान ३७ अंश, पापणी बाहेर असल्यामुळे जरा थंड, समजा ३३ ते ३५. एवढ्या उबेत तेल गोठतं म्हणजे काय?

तर या तेलात आपल्या स्वयंपाकाच्या तेलातली ट्रायग्लिसराइडं फार थोडी असतात. त्यात भरणा मेणाच्या एस्टरांचा आणि कोलेस्टेरॉलच्या एस्टरांचा, म्हणजे नात्याने ते मधमाशीच्या मेणाला जवळचं. मेणाचा एस्टर म्हणजे एक लांबलचक अल्कोहोल आणि एक मेदाम्ल यांची जोडी. या तेलातलं ते मेदाम्ल बहुतेकदा ऑलिक असतं, शेंगदाण्याच्या तेलात भरपूर असतं तेच. ऑलिकच्या साखळीच्या मध्यावर एक दुहेरी बंध असतो आणि तिथे साखळी कोपरातून वाकते. शिवाय पुष्कळ अल्कोहोलांच्या टोकाला छोटी फांदी असते. वाकलेल्या, फांदीवाल्या साखळ्या एकमेकींना चिकटून नीट बसत नाहीत, जशी वाकडी लाकडं रचली की मध्ये फटी राहतात. नीट रचता आलं नाही की पदार्थ लवकर वितळतो. तूप थिजतं आणि शेंगदाणा तेल थिजत नाही, त्याचं कारणही हेच.

आता जरा आत शिरू. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी थेट पुढच्या परिच्छेदात जावं, मी रागावणार नाही. साखळीतला प्रत्येक एकेरी कार्बन-कार्बन बंध फिरू शकतो. तो ट्रान्स स्थितीत असला की साखळी काठीसारखी ताठ, गॉश स्थितीत गेला की तिथे गुडघा दुमडतो. थंडीत ट्रान्स जास्त, उबेत गॉश जास्त. दोन हायड्रोजन धरून बसलेल्या कार्बनाचं ताणकंपन इन्फ्रारेड प्रकाशात २८५० प्रति सेंटिमीटरच्या आसपास दिसतं, आणि साखळ्या विस्कळीत होत गेल्या की ती रेघ तीन-चार आकड्यांनी वर सरकते. तेल हळूहळू तापवत या रेघेचा आलेख काढला की इंग्रजी एस अक्षरासारखी वक्ररेषा मिळते. तिचा मध्य म्हणजे वितळण्याचं मुख्य तापमान. निरोगी माणसाच्या पापणीतल्या तेलात तो ३० अंशांच्या आसपास येतो. ग्रंथी बिघडलेल्यांच्या तेलात तो काही अंशांनी वर सरकलेला असतो. पापणीचं स्वतःचं तापमान त्याच परिसरात! म्हणजे निसर्गाने हे तेल अगदी काठावर ठेवलंय: कडेवर टिकून राहील इतकं घट्ट आणि पसरेल इतकं पातळ. तीन-चार अंशांची चूक झाली की खेळ खलास.

अर्थात हे मिश्रण असल्यामुळे बर्फासारखं एका विशिष्ट अंशाला वितळत नाही, लोण्यासारखं हळूहळू मऊ होत जातं. आणि नुसतं गोठणं एवढाच दोष नसतो. ग्रंथीच्या नळीच्या आतल्या पेशी त्वचेसारख्या कडक होऊन गळतात आणि त्या सालपटांचाही बूच बसतो. मागे तेल साचतं, दाब वाढतो आणि वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर ग्रंथी सुकून जाते. सुकलेली ग्रंथी परत आणण्याचा खात्रीचा उपाय नाही. माझ्या उजव्या खालच्या पापणीतल्या काही गेल्या त्या गेल्याच.

कडेवर राहणारे जिवाणू यात भर घालतात. त्यांची लायपेज विकरं तेलातले एस्टर तोडून मेदाम्लं मोकळी करतात आणि ती मेदाम्लं अश्रूंच्या क्षारांशी संयोग पावतात. मेदाम्ल अधिक क्षार म्हणजे साबण. डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरा फेस दिसतो तो खरोखरच साबणाचा असतो. बारावीच्या मुलांना साबणीकरण शिकवताना मी हे उदाहरण देते. मुलं ‘ईईई’ करतात, पण पेपरात लिहितात.

म्हणून उपचाराचा पाया शेक. आणि इथेच मी सात वर्षं चुकत होते. ‘गरम पाण्याचा कपडा ठेवा’ असं सगळेच सांगतात, मीही नॅपकिन पिळून पाच मिनिटं ठेवायचे आणि काही होत नाही म्हणून सोडून द्यायचे. एकदा प्रयोगशाळेतला तापमापक घरी आणला. ४५ अंशांच्या पाण्यात भिजवून पिळलेला नॅपकिन दुसऱ्या मिनिटाला चाळीशीच्या खाली आणि पाचव्या मिनिटाला पापणीपेक्षाही थंड! कारण सोपं आहे, ओला नॅपकिन म्हणजे माठ. एक ग्रॅम पाणी उडायला सुमारे २४०० ज्यूल उष्णता लागते. नॅपकिनात ६० ग्रॅम पाणी धरलं तर त्यातलं एक ग्रॅम उडालं की उरलेलं जवळजवळ दहा अंशांनी उतरतं. मी पापण्या शेकत नव्हते, माठ लावून गार करत होते.

पापणीच्या आतल्या बाजूपर्यंत ४० अंश पोचून काही मिनिटं टिकले पाहिजेत. त्यासाठी कोरडा शेक बरा. सुती मोज्यात दोन मुठी तांदूळ भरून गाठ मारायची, मायक्रोवेव्हमध्ये वीस-पंचवीस सेकंद, मग हाताच्या आतल्या बाजूला लावून बघायचा आणि सोसवेल असाच मिटल्या डोळ्यांवर आठ-दहा मिनिटं ठेवायचा. चटका बसला तर काय कामाचं! त्यानंतर लगेच, तेल मऊ आहे तोवर, वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर, कडेच्या दिशेने हलक्या बोटाने निपटायची. बुबुळावर जोर द्यायचा नाही. मग कोमट पाण्यात बेबी शाम्पूचा थेंब किंवा पापण्यांसाठी मिळतात ते पुसणे, आणि केसांची मुळं साफ. मला फरक जाणवायला सहा आठवडे लागले. मध्ये परीक्षांच्या गडबडीत पंधरा दिवस खंड पडला आणि सगळं मूळपदावर आलं.

आजीच्या बटव्यात याचा अर्धा शोध लागलेला होताच. सासूबाई पदराचा बोळा करून त्यावर तोंडाची वाफ सोडतात आणि डोळ्याला लावतात. तत्त्व बरोबर, पण तोंडाची वाफ ३४ अंशांची, खोबरेल वितळेल, माझं तेल नाही. रांजणवाडीवर लवंग उगाळून लावणं मात्र बंद करा. रांजणवाडी बहुधा आठ-दहा दिवसांत आपोआप फुटते किंवा बसते, श्रेय लवंगेला मिळतं आणि डोळ्याच्या वाट्याला जळजळ.

आता किडे. डेमोडेक्स हे माइट खरेच असतात, लांबी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, वस्ती केसांच्या मुळाशी, आयुष्य दोन-तीन आठवड्यांचं. वय वाढतं तसे ते जवळपास सगळ्यांकडे मुक्कामाला येतात आणि बहुतेकांना त्यांचा काही त्रास नसतो. त्यांना गुदद्वारच नसतं, म्हणून मेल्यावर सगळी घाण एकदम बाहेर पडते, ही इंटरनेटची लाडकी गोष्ट २०२२ साली खोटी ठरली, गुदद्वार सापडलं. संख्या फार वाढली तर केसाच्या बुंध्याला नळीसारखं पारदर्शक वेष्टण दिसतं, ते डॉक्टर ओळखतात. त्यावर लोटिलॅनर नावाच्या थेंबांना अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये मान्यता मिळाली. हे औषध आधी कुत्र्यांच्या गोचिडांवर वापरात होतं. टी-ट्री तेलातला एक घटकही माइट मारतो, पण निव्वळ तेल पापणीला लावणं म्हणजे डोळा भाजून घेणं. आत्याबाईंच्या व्हिडिओत नेमकं तेच विकायला होतं.

बाकीचं थोडक्यात. कमी मात्रेतलं डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक काही आठवडे देतात ते जिवाणू मारण्यापेक्षा त्यांची लायपेज विकरं आणि दाह दाबण्यासाठी; गरोदरपणी आणि लहान मुलांना ते चालत नाही. माशाच्या तेलाच्या गोळ्यांचा फार गवगवा आहे. २०१८ साली कोरड्या डोळ्यांच्या ५३५ रुग्णांवरच्या अमेरिकन चाचणीचे निकाल आले: रोज तीन ग्रॅम ओमेगा-३ वर्षभर घेणाऱ्यांत आणि ऑलिव्ह तेलाच्या गोळ्या घेणाऱ्यांत फरक दिसला नाही. मी माझ्या गोळ्या बंद केल्या, मासे खाते. मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनने या ग्रंथी सुकतात, हे माझ्या वर्गातल्या मुलींना मी आवर्जून सांगते.

आणि माझी सगळ्यात मोठी चूक. डॉक्टरांनी सात दिवसांसाठी लिहिलेले स्टेरॉइडचे थेंब मी चार महिने वापरले, कारण दोन थेंबांत लाली जायची आणि मेडिकलवाला काही न विचारता द्यायचा. डोळ्याचा दाब २७ वर गेला, असावा तो २१ च्या आत. वेळेत कळलं म्हणून काचबिंदू टळला. दुखायला लागलं, उजेड सोसेना, धूसर दिसायला लागलं तर घरगुती काही करत बसू नये. उतारवयात एकाच जागी पुन्हा पुन्हा गाठ येत असेल किंवा तिथले केस गळत असतील तर तुकडा तपासून घ्यायलाच हवा, कारण याच ग्रंथींचा कर्करोग पाश्चात्त्य देशांच्या मानाने आपल्याकडे बराच जास्त दिसतो.

रात्री साडेनऊला आमच्याकडे मायक्रोवेव्ह वाजतो. परवा सासूबाईंचे डोळे चुरचुरत होते, त्यांनी मोजा मागून घेतला, दहा मिनिटं ठेवला, परत दिला आणि म्हणाल्या, “बरं वाटतंय गं. पण हा तांदूळ कुकरला लावू नकोस म्हणजे झालं.”