गार्ड कोणी काढला? लाकूडकामातल्या यंत्रांची पार्श्वभूमी

राउटर, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या पात्याने लाकडात खोबणी पाडायचं यंत्र, चालवताना काय काळजी घ्यावी याची यादी हल्ली कुठेही मिळते. डोळ्यांवर चष्मा हवा, सैल बाह्या नकोत, बिट (राउटरचं दांड्याचं पातं) बदलताना प्लग काढा, हातमोजे घालून फिरत्या पात्याजवळ जाऊ नका. यादीत चुकीचं काहीच नाही. पण तिचा सगळा रोख कामगाराच्या सावधपणावर आहे, आणि इतिहास पाहिला तर लाकूडकामात बोटं वाचली ती बहुतेक वेळा यंत्राची रचना बदलल्यामुळे. रचना बदलली कारण अपघाताचा खर्च कोणाच्या तरी खिशातून जाऊ लागला.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं रंधा मशीन घ्या. दोन लोखंडी टेबलं, मधे फट आणि त्या फटीत फिरणारा, पाती लावलेला ठोकळा. ठोकळा चौकोनी असे, कारण सपाट बाजूवर पातं ठेवून बोल्ट आवळणं सोपं. फळी हाताने दाबत पुढे सरकवायची. मधेच गाठ आली, फळी उसळली आणि हात खाली गेला, की चौकोनाच्या कडांमधल्या पोकळीत बोटं ओढली जात. पेरावर भागत नसे, पंजाच जायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात गोल ठोकळा आला. त्यात पातं पृष्ठभागाबाहेर जेमतेम डोकावतं आणि फट जवळजवळ भरून जाते. हात पडायचा तो पडतोच, पण शेंडा जातो, पंजा राहतो. कामगार तोच, त्याचं लक्षही तेवढंच. बदलला तो ठोकळ्याचा आकार.

हा बदल कारखानदारांच्या दयाबुद्धीने झाला असं समजायचं कारण नाही. जर्मनीत १८८४ साली अपघात विमा कायदा झाला. त्यानुसार प्रत्येक उद्योगातल्या मालकांचा संघ काढून जखमी कामगाराची भरपाई त्या संघाच्या गळ्यात घातली गेली. पैसे आपल्यालाच भरायचे म्हटल्यावर हे संघ नियम करू लागले, तपासनीस पाठवू लागले. ब्रिटनमध्ये यंत्रांना कुंपण घालण्याची सक्ती १८४४ च्या फॅक्टरी कायद्यापासून होती. लाकूडकामाच्या यंत्रांसाठी स्वतंत्र नियम १९२२ साली आले. हाताने फळी सरकवायच्या रंधा मशीनला गोल ठोकळाच हवा, गोल करवतीच्या मागे चीर मिटू न देणारी पोलादी पट्टी हवी, शेवटचा तुकडा ढकलायला काठी हवी. आजही चांगल्या टेबल करवतीची तपासणी इथूनच सुरू होते.

आपल्याकडे कारखाना तपासणीचा पहिला आयोग १८७५ साली मुंबईत नेमला गेला आणि १८८१ साली पहिला कारखाने कायदा झाला. तो शंभर किंवा अधिक कामगारांच्या, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांपुरता होता. त्या काळी डोळ्यांपुढे होत्या त्या कापडगिरण्या, सुतारकाम नव्हे. १९४८ च्या कारखाने कायद्याचं कलम २१ यंत्रांना कुंपण घालायला सांगत असे, आणि त्याखाली झालेल्या महाराष्ट्र कारखाने नियम, १९६३ मध्ये लाकूडकामाच्या यंत्रांची वेगळी अनुसूची आहे. वाचताना जाणवतं की मजकूर थेट ब्रिटिश नियमांच्या वळणाचा आहे. तोच गोल ठोकळा, तीच मागची पट्टी, तीच ढकलकाठी.

हे सगळे नियम एक गोष्ट गृहीत धरतात. यंत्र जमिनीला बोल्टने घट्ट बसवलेलं आहे आणि लाकूड त्याच्याकडे नेलं जातंय. हातात धरायच्या यंत्रांनी हे गृहीतकच उलटं केलं.

श्टुटगार्टच्या फाइन कंपनीने १८९५ साली पहिलं विजेवर चालणारं हातड्रिल बनवलं. वजन साडेसात किलो. पिस्तुलाच्या मुठीचं, बोटाने चाप दाबायचं ड्रिल ब्लॅक अँड डेकरने आणलं, त्याचं पेटंट १९१७ चं. हा चाप म्हणजे खरं तर उत्तम सुरक्षा साधन होतं, बोट सुटलं की यंत्र बंद. पुढे सोयीसाठी त्याच्या शेजारी चाप दाबलेलाच ठेवणारं लॉकचं बटण आलं आणि हातातून निसटलेलं यंत्रही फिरत राहू लागलं. हातातली गोल करवत एडमंड मिशेल या अमेरिकन माणसाच्या ऊस तोडायच्या यांत्रिक कोयत्याच्या खटपटीतून निघाली आणि १९२४ च्या सुमारास बाजारात आली. राउटरचं मूळही असंच घरगुती. आर. एल. कार्टर या साचे बनवणाऱ्या कारागिराने पहिल्या महायुद्धाच्या काळात न्हाव्याच्या विजेच्या मशीनमधली मोटर काढून तिला लाकूड कातरायचं पातं लावलं. तो धंदा १९२९ साली स्टॅन्ले या हत्यारांच्या कंपनीने विकत घेतला. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीच्या एलू कंपनीने खाली दाबायचा राउटर रूढ केला. हात सैल केला की स्प्रिंगने मोटर वर जाते आणि बिट बुडाच्या आत लपतं. जाहिरातीत त्याची ओळख खोबणी पाडायची सोय म्हणून होते, मला मात्र तो राउटरच्या इतिहासातला सर्वांत मोठा गार्ड, म्हणजे पात्यापासून हात वाचवणारी आड, वाटतो.

राउटरचा धोका वेगात आहे. मोटर मिनिटाला २४ ते ३० हजार फेरे घेते. बारीक बिटाला ते ठीक. पण ८० मिमी व्यासाचं बिट २४ हजारांवर फिरवलं तर त्याची धार ताशी ३६० किलोमीटरने पळते, म्हणून मोठ्या बिटाला फेरे निम्म्यावर आणावे लागतात. शिवाय आज धार साध्या पोलादाची नसते. जर्मनीच्या क्रुप कंपनीने १९२० च्या दशकात टंगस्टन कार्बाइड हा अतिकठीण पदार्थ बाजारात आणला आणि प्लाय, एमडीएफ, सनमायका न बोथटता कापता येऊ लागले. ते कठीण असतं तितकंच ठिसूळही, त्यामुळे उडालेला तुकडा डोळ्यापर्यंत जाऊ शकतो. युरोपातल्या मानकाने हाताने चालवायच्या यंत्रांतल्या पात्यांची धार पात्याच्या अंगाबाहेर किती यावी यावर सुमारे १.१ मिमीची मर्यादा घातली. अशा पात्यावर ‘मॅन’ असा शिक्का असतो, म्हणजे हाताने सरकवायला चालेल. गोल ठोकळ्याचीच ही पुढची पायरी.

आपल्याकडे मात्र एक जास्तीची भानगड आहे, मापांची. पाव इंची दांड्याचं बिट, मिस्त्रींच्या हिशेबात दोन सूत, म्हणजे ६.३५ मिमी. बाजारात ६ मिमीचीही बिटं मिळतात. दिसायला दोन्ही सारखी, फरक ०.३५ मिमीचा. सहाचं बिट पाव इंची कॉलेटमध्ये, म्हणजे बिटाचा दांडा पकडणाऱ्या चिमट्यात, आवळलं की हाताला घट्ट लागतं आणि कामाचा भार आला की हळूहळू बाहेर सरकतं. दुसरी चूक बिट पार तळाला टेकवून आवळण्याची. नट आवळताना कॉलेट बिटाला थोडं खाली ओढतो, तळाला टेकलेलं बिट सरकू शकत नाही, पकड कच्ची राहते. दोन-तीन मिलीमीटर वर उचलून आवळलं की प्रश्न मिटतो. दिशेचंही तसंच. हातातला राउटर फळीच्या जवळच्या कडेने डावीकडून उजवीकडे न्यायचा, टेबलात उलटा बसवला असेल तर लाकूड उजवीकडून डावीकडे. उलट गेलात तर बिट लाकडावर चढतं आणि यंत्र हातातून पळतं.

मुंबई-पुण्यातल्या फर्निचरच्या साइटवर याहून नेहमीची गोष्ट दिसते, ती म्हणजे मार्बल कटर. फरशीसाठी बनलेल्या या यंत्राला चार इंची लाकडाचं पातं लावून प्लाय फाडतात. स्वस्त, हलकं, दुरुस्ती कोपऱ्यावर. पण लाकडाच्या गोल करवतीला खालून आपोआप मिटणारा जो गार्ड असतो तो याला नसतो, कारण तो कधी लागणारच नव्हता. अँगल ग्राइंडरचीही तीच गत. १९५४ साली फ्लेक्स कंपनीने तो आणला तो धातू घासायला. त्यावर दातांचं पातं चढवायचं तर गार्ड आड येतो, म्हणून तो निघतो आणि हत्यारांच्या पेटीच्या तळाशी जाऊन पडतो.

धुळीची दखल सर्वांत उशिरा घेतली गेली. इंग्लंडमधलं हाय विकम हे खुर्च्यांचं गाव. तिथल्या कान-नाक-घसा तज्ज्ञ एस्मी हॅडफिल्ड यांच्या नजरेत आलं की नाकाच्या आतला एक दुर्मीळ कर्करोग फर्निचर कामगारांमध्येच पुन्हापुन्हा दिसतोय. डोनाल्ड ॲचेसन यांच्यासह त्यांनी १९६८ मध्ये ते आकडेवारीने मांडलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने लाकडाच्या धुळीला पहिल्या गटात, म्हणजे निश्चित कर्करोगकारक पदार्थांत घातलं ते १९९५ मध्ये. बंद खोलीत एमडीएफवर राउटर मारणाऱ्याला नाकावरचा रुमाल फारसा उपयोगाचा नाही.

कायदा या माणसापर्यंत क्वचितच पोचतो. १९४८ च्या कायद्याला वीज वापरणाऱ्या ठिकाणी किमान दहा कामगार लागत, २०२५ साली लागू झालेल्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ती मर्यादा वीसवर नेली. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यालाही दहा माणसं लागत. टू-बीएचकेच्या किचनमध्ये काम करतात तिघं-चौघं. राहत असे तो १९२३ चा नुकसानभरपाई कायदा, ज्याची जागा २०२५ साली सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. १९२३ च्या कायद्याच्या अनुसूचीत अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली असं धरत, तर्जनी पूर्ण गेली तर १४, तिचं एक पेर गेलं तर ९. पण दावा लावायचा तर आधी मालक कोण हे सिद्ध करावं लागतं. घरमालक इंटिरिअर डिझायनरकडे बोट दाखवतो, डिझायनर ठेकेदाराकडे, आणि ठेकेदार सांगतो की मशीन मिस्त्रीचं स्वतःचं होतं.