पायांना थंडी कळत नाही तेव्हा

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरला की द्राक्षबागायतदार पहाटेच बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबकमधून पाणी सोडतात. पिकत आलेल्या मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून ही धडपड. वेल काही बोलत नाही, तेव्हा तिच्या वतीने माणूस पाऱ्यावर नजर ठेवतो. हिवाळी पॅरालिंपिकला, म्हणजे अपंग खेळाडूंच्या बर्फावरच्या जागतिक स्पर्धांना, जाणाऱ्या राष्ट्रीय संघांचे डॉक्टर आणि प्रशिक्षक हेच काम आपल्या काही खेळाडूंच्या पायांसाठी करत असतात.

थंडी वाजणे हा दुहेरी निरोपांचा खेळ आहे. त्वचा गार झाल्याची खबर मज्जारज्जूतून मेंदूकडे जाते. मेंदू उलट हुकूम सोडतो: त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसा, स्नायूंनो, कुडकुडा. मज्जारज्जूला इजा झालेल्या खेळाडूत हा रस्ता मध्येच तुटलेला असतो. इजेच्या खालच्या भागातून खबर वर येत नाही आणि वरचा हुकूम खाली पोचत नाही. रक्तवाहिन्या वेळेवर आकसत नाहीत, त्यामुळे उष्णता निसटत राहते. पायांचे स्नायू कुडकुडत नाहीत, आधीच बारीक झालेले असल्याने ऊबही फारशी देत नाहीत. पावलाला हिमदंश होऊ लागला, तरी खेळाडूला पत्ता नसतो. म्हणून सरावाच्या मधे बूट काढून बोटांचा रंग डोळ्यांनी तपासावा लागतो.

क्रॉस-कंट्री स्कीइंगमध्ये तर पेच आणखी वाढतो. दोन स्कींवर बसवलेल्या आसनात, म्हणजे सिट-स्कीत, खेळाडू बसतो आणि हातातल्या दोन काठ्यांनी बर्फ मागे रेटत किलोमीटरच्या किलोमीटर कापतो. खांदे, दंड, पाठ पेटलेली असतात, वरच्या अंगाला घाम फुटतो आणि त्याच वेळी पाय गारठलेले असतात. शर्यत संपताक्षणी ओले कपडे बदलले नाहीत, तर तोच घाम शरीरातली ऊब झपाट्याने ओढून नेतो. एकाच शरीरात दोन ऋतू सांभाळायचे, हे मला कोणत्याही उतारावरच्या वेगापेक्षा अवघड वाटते.

इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल, तर हृदयाचा वेग वाढवणाऱ्या चेतातंतूंवरही परिणाम होतो. कितीही जोर लावला तरी नाडी एका मर्यादेपुढे चढत नाही. मग अशा खेळाडूची तुलना एक पाय गमावलेल्या, पण नाडी पूर्ण चढणाऱ्या खेळाडूशी कशी करायची? स्कीइंगमध्ये त्यासाठी बसून, उभे राहून आणि दृष्टिहीन असे गट आहेत आणि प्रत्येक गटात अपंगत्वाच्या वर्गानुसार गुणक. समजा एखाद्याला १०० सेकंद लागले आणि त्याच्या वर्गाचा गुणक ०.९ असेल, तर त्याची वेळ ९० सेकंद धरतात. त्यामुळे शेवटची रेषा आधी ओलांडणारा जिंकेलच असे नाही. हे गुणक जुन्या निकालांच्या आकडेवारीवरून ठरतात आणि बदलतातही. मला ही पद्धत परिपूर्ण वाटत नाही, पण प्रामाणिक वाटते.

हिवाळी पॅरालिंपिक १९७६ मध्ये स्वीडनमध्ये सुरू झाले. चीनचा संघ पहिल्यांदा उतरला २००२ मध्ये आणि त्याचे पहिले पदक आले २०१८ मध्ये, व्हीलचेअर कर्लिंगमध्ये, म्हणजे चाकाच्या खुर्चीतून बर्फावर दगड सरकवण्याच्या खेळात. त्या वर्षी तेवढे एकच. चारच वर्षांनी, यजमान म्हणून, याच देशाने १८ सुवर्णांसह ६१ पदके मिळवून तक्त्यात पहिला क्रमांक घेतला.

भारतासारख्या देशाने यातून काय घ्यावे? माझे मत असे की बर्फाआधी खांदे शोधावेत. अमेरिकेची ओक्साना मास्टर्स दोन्ही पाय गमावलेली. तिने २०१२ मध्ये लंडनला नौकानयनात कांस्य जिंकले, मग सिट-स्कीवर बसली आणि २०२२ मध्ये बीजिंगला सातही स्पर्धांत पदक घेतले. वल्हे ओढणारी पाठ बर्फावरही कामाला आली. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ रिओ ऑलिंपिकमध्ये वल्हवून आला, म्हणजे नौकानयन आपल्या नाशिक जिल्ह्याला परके नाही. सिट-स्कीला चाके लावून डांबरी रस्त्यावर सराव करता येतो आणि बर्फाळ देशांचे खेळाडूही उन्हाळ्यात चाकांवरच सराव करतात. नाशिकच्या व्हीलचेअरवरच्या मुलामुलींसाठी एखादा रहदारी नसलेला, सपाट रस्ता सकाळी दोन तास मोकळा ठेवला, तरी पहिला टप्पा इथेच होईल. गुलमर्ग त्यानंतरचा.